नान्नजच्या माळावरचा पांढऱ्या कमरेचा पक्षी: ४१ फोटो आणि एक मागे घेतलेला दावा

आधीच सांगून टाकतो, तो पक्षी हेन हॅरियर नावाचा शिकारी पक्षी नव्हता. चार दिवस मी तो आहे म्हणून सांगत फिरलो, पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, घरी सांगितलं, ऑफिसात ज्याला साळुंकी आणि कोतवाल यातलं काही कळत नाही त्यालासुद्धा थांबवून सांगितलं, आणि पाचव्या दिवशी सगळं मागं घ्यावं लागलं. ग्रुपमधल्या दोघातिघांनी विचारलं की नेमकं चुकलं कुठं, एकदा नीट लिही की, म्हणून हे लिहितोय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

जानेवारीतला रविवार, गड्ड्याचे म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस. शहरात नुसती गर्दी, म्हणून आम्ही घरचे सगळे हुरड्याला बाहेर पडलो, मावशीच्या दिरांचं शेत आहे मार्डीच्या पुढं तिथं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सोलापूरहून बार्शी रोडनं साधारण वीस किलोमीटरवर नान्नज, तिथंच माळढोक अभयारण्य, १९७९ साली झालेलं, आणि त्याच्या आजूबाजूला असाच सगळा माळ, मधेमधे मालदांडी ज्वारी, हरभरा, करडई. हुरडा, शेंगा चटणी, दही, गूळ असं पोट फुटेस्तोवर खाऊन सगळे आडवे झाले होते आणि मी आणि माझा मावसभाऊ बांधावर बसलो होतो. भाऊकडं कॅमेरा, ३०० एमएमची लेन्स, ती त्यानं लग्नाचे फोटो काढायला घेतली पण लग्नं कमी आणि बगळेच जास्त निघतात असं वहिनी म्हणते.

पावणेसहा वाजले असतील. ज्वारीच्या वरनं, अगदी कणसांना पंख लागतील इतक्या खालून, एक मोठा तपकिरी पक्षी आला. पंख जरा वर उचललेले, इंग्रजी व्ही सारखे, दोनतीन वेळा फडफडायचा आणि मग नुसता तरंगायचा, डावीकडं उजवीकडं झोकांड्या खात. घार असली नसते उडत. वळला आणि शेपटीच्या बुडाशी एकदम पांढरं चमकलं, रुमाल बांधल्यासारखं. भाऊ म्हणला, "ए, कमरेला पांढरं बघ!" आणि त्यानं बटण दाबून धरलं ते सोडलंच नाही. माळावर एक चक्कर मारून, एका कोतवालाचा मार खाऊन, पक्षी पलीकडच्या गवतात उतरला आणि दिसेनासा झाला. सगळं मिळून मिनिटभर.

एवढं कळत होतं की हा हॅरियर आहे, मराठीत भोवत्या म्हणतात तो. माळावर खालून खालून फिरायचं, गवतात बघत राहायचं आणि वरून झडप घालायची ही याची पद्धत. त्यात गोची अशी की भोवत्यांचे नर ओळखायला त्यातल्या त्यात सोपे, करडे पांढरे, पण माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं सगळी तपकिरी, सगळ्यांच्या शेपटीवर पट्टे, आणि बऱ्याच जातींच्या कमरेवर पांढरं. इंग्रजीत त्या सगळ्यांना मिळून रिंगटेल म्हणतात, म्हणजे जात कळत नसेल तेव्हा वापरायचा शब्द. मला हे त्या दिवशी अर्धवट माहीत होतं आणि अर्धवट माहिती फार वाईट.

घरी येऊन फोटो बघितले. ४१ क्लिक, त्यातल्या ११ मध्ये पक्षी, बाकीच्यात आभाळ नाहीतर ज्वारी. त्या अकरातले कामाचे चार. फ्रेम १२ मध्ये वरची बाजू, पाठ तपकिरी, कंबर पांढरी. १४ हललेली, पण पंखाचं टोक आभाळावर दिसतंय. १९ मध्ये बाजूनं डोकं. २७ मध्ये खालची बाजू, दोन्ही पंख उघडे, सोबत कोतवाल.

मी मोबाईलवर १४ नंबर मोठा करून पंखाच्या टोकाची सुटी पिसं मोजली, त्याला बोटं म्हणतात. पाच आली. हेन हॅरियरला पाच बोटं दिसतात, पॅलिड आणि माँटेग्यू या भोवत्यांच्या दुसऱ्या दोन जातींना चार, हे मला कुठंतरी वाचलेलं आठवत होतं. पांढरी कंबर ठसठशीत. पक्षी मोठा वाटलेला. मग फोटोचा स्क्रीनशॉट एका ओळख सांगणाऱ्या अॅपला दिला, त्यानं पहिलं नाव दिलं हेन हॅरियर. झालं! हेन हॅरियर हिवाळ्यात आपल्या देशात येतो तो मुख्यतः हिमालयाच्या पट्ट्यात आणि उत्तरेकडं, सोलापुरात म्हणजे लॉटरीच. रात्री साडेदहाला ग्रुपवर टाकलं, "हेन हॅरियर, मादी, मार्डी परिसर, सोलापूर जिल्ह्यातली पहिली नोंद???" तीन प्रश्नचिन्हं टाकली म्हणजे आपण सावधपणे बोललो असं तेव्हा वाटलं होतं.

अभिनंदनाचे अंगठे आले. एका स्थानिक पेपरात लिहिणाऱ्या ओळखीच्यांचा सकाळीच फोन आला, फोटो पाठवा म्हणले. आणि ग्रुपमधले एक जुने सर आहेत, रिटायर्ड, तीसेक वर्षं या माळावर फिरलेले, त्यांचा मात्र अंगठा नाही, एकच ओळ, "संध्याकाळी घरी ये, सगळे फोटो आण, कापलेले नकोत, मूळचे."

सरांकडं गेलो तर त्यांनी फोटो आधी बघितलेच नाहीत. वेळ काय, सूर्य कुठं, किती लांब, किती वेळ दिसला, काय करत होता, हे सगळं विचारून वहीत लिहिलं. किती लांब म्हणल्यावर मी सांगितलं तीस पावलं असेल. पुढच्या रविवारी त्याच बांधावरून, पक्षी ज्या बाभळीजवळून वळला तिथपर्यंत चालून मोजलं, ८५ पावलं भरली! म्हणजे "मोठा वाटला" हे वाक्य तिथंच बाद. अंतराचा अंदाज एवढा चुकला तर आकाराचा अंदाज बरोबर कसा येणार. फ्रेम २७ मधला कोतवाल मापाला घ्यावा असं मी सुचवलं, कोतवाल फूटभर असतो, शेपटीसकट. सर म्हणले कोतवाल पुढं आहे का मागं आहे ते सांग आधी, आणि सांगितलंस तरी हेन आणि पॅलिड यांची मापं एकमेकांत एवढी मिसळलेली आहेत की त्यातून काही निघणार नाही. ते खरंच होतं.

एक गोष्ट मात्र अचानक कामी आली. भाऊनं त्या वेळेला वहिनीला व्हॉइस मेसेज पाठवला होता, ती शेडमध्ये झोपली होती, तिला उठवायला. त्यावर वेळ ५:५२. त्यात तो म्हणतोय, "लवकर ये, घुबडासारखं तोंड हाय, मानेला पट्टा हाय पांढरा, कंबर पांढरी, गवतात बसला आता." अॅप, पुस्तक काही बघायच्या आधी बोललेलं हे. सरांना माझ्या तीन दिवसांनी लिहिलेल्या पानभर वर्णनापेक्षा हा अकरा सेकंदाचा मेसेज जास्त आवडला, कारण माझ्या वर्णनात हेन हॅरियर आधीच शिरला होता. घुबडासारखं तोंड सगळ्याच भोवत्यांचं असतं, कानानं गवतातला आवाज टिपायला चेहरा तसा गोल झालेला, त्यानं जात ठरत नाही. पण मानेचा पट्टा महत्त्वाचा होता, त्याकडं येतोच.

मग कॉम्प्युटरवर मोठ्या स्क्रीनवर फोटो लावले. सर म्हणले, हेन नाही असं धरून चालू कर, आणि तरीही हेनच म्हणावं लागतंय का बघ.

आधी कंबर. मी सगळ्यात जास्त जीव त्या पांढऱ्या कमरेवर टाकला होता आणि तीच सगळ्यात निकामी निघाली. हेनला पांढरी, पॅलिडला पांढरी, माँटेग्यूला पांढरी, पाईड हॅरियरच्या मादीलासुद्धा. सरांनी दिलेलं उदाहरण अजून डोक्यात आहे. म्हणले, गड्ड्यात नंदीध्वजामागं हजारो माणसं पांढरी बाराबंदी घालून चालतात, लांबून पाठमोरी बाराबंदी बघून तू म्हणतोस हे माझे पुण्याचे काका. काका असतील पण, पण बाराबंदीवरून नाही, बाराबंदी सगळ्यांच्याच अंगावर आहे. आणि कंबर कमी जास्त पांढरी दिसणं हे शेपटी किती पसरलीय त्यावरही असतं, फ्रेम १२ मध्ये वळताना शेपटी पूर्ण उघडलेली म्हणून ती एवढी चमकली.

दलदलीवरचा मार्श हॅरियर लगेच बाद, त्याच्या मादीची कंबर पांढरी नसते आणि डोकं सायीच्या रंगाचं असतं. हिप्परग्याच्या तलावावर तो बऱ्याच जणांनी बघितलेला आहे, त्याच्यावर वेळ गेला नाही. पाईडच्या मादीच्या पंखाची वरची बाजू करडी, पट्टेदार आणि पंखाच्या पुढच्या कडेला फिकट भाग असतो, आमच्या फ्रेम १२ मध्ये नुसता तपकिरी पंख, तोही बाद. राहिले तीन.

बोटं. इथं माझी सगळ्यात मोठी चूक. फ्रेम १४ हललेली होती, हललेल्या फोटोत एकाच पिसाच्या दोन सावल्या पडतात, आणि मी पाच हवीत म्हणून पाच मोजली. भाऊनं बटण धरून ठेवल्याचा फायदा असा की २६, २७, २८ या लागोपाठच्या फ्रेम होत्या, २६ आणि २८ अर्धवट कापलेल्या म्हणून मी बघितल्याच नव्हत्या, पण पंखाचं टोक तिन्हीत होतं. सरांनी मला एका खोलीत आणि भाऊला दुसऱ्या खोलीत बसवून मोजायला लावलं, दहावीच्या पेपरसारखं. दोघांचीही तिन्ही फ्रेममध्ये चार. चौथ्यानंतरचं पीस एकदम आखूड, बोट म्हणावं असं सुटं निघतच नाही. हेनचा पंख टोकाला रुंद, गोलसर असतो त्या पाचव्या बोटामुळं, हा निमुळता होता. फोटोवरून मोजायचं तर पंख पूर्ण उघडलेला आणि फ्रेम स्थिर पाहिजे, नाहीतर मोजूच नये. हे मला आता कळतंय, त्या रात्री साडेदहाला नाही.

म्हणजे हेन जवळपास गेला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी दोनदा विचारलं की हेनची बोटं कधी चार दिसू शकतात का, म्हणजे पंख जरा मिटलेला असताना. सर म्हणले दिसू शकतात की, एका फ्रेममध्ये दिसू शकतात, म्हणून तर तीन बघितल्या, आणि म्हणून अजून पुढं बघायचंय.

आता पॅलिड का माँटेग्यू, आणि हेनला अजून एक संधी. फ्रेम १९. डोळ्याभोवती पांढरं, गालावर गडद डाग, आणि त्याच्या मागं मानेला फिकट पट्टा, कॉलर. व्हॉइस मेसेजमधला पट्टा तो हाच. माँटेग्यूच्या मादीला असा स्वच्छ पट्टा नसतो, तिच्या डोळ्याभोवतीचं पांढरं जास्त पसरलेलं आणि गालाचा डाग लहान असतो. पॅलिडला पट्टा असतो आणि त्याच्या मागं मान गडद, त्यामुळं तो उठून दिसतो. पण थांबा, हेनच्या मादीलाही पट्टा असतो! म्हणजे पट्ट्यानं माँटेग्यू जातो, हेन जात नाही. बोटांनी हेन जातो, माँटेग्यू जात नाही. एकट्या खुणेवर कुणीच सिद्ध होत नाही, पण दोन्ही चाळण्यांतून खाली एकच पडतो. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथं, इतकी वर्षं मी एक खूण एक पक्षी असंच बघत आलो होतो.

तिसरी चाळणी पंखाची खालची बाजू. माँटेग्यूच्या मादीच्या आतल्या पिसांवर, म्हणजे अंगाजवळच्या अर्ध्या पंखावर, खालून दोन गडद पट्टे आणि मधे फिकट मोकळी जागा अंगापर्यंत स्पष्ट जाते, आणि काखेत तांबूस ठळक पट्टे. हेनच्या मादीचाही हा भाग फिकट आणि ठळक पट्ट्यांचा. पॅलिडच्या मादीचा हाच भाग एकूणच काळपट, फिकट रेघा अंगाकडं जाताना बारीक होत विरून जातात, आणि बाहेरची टोकाकडची पिसं त्या मानानं फिकट, म्हणून पंखाचे दोन भाग वेगवेगळे वाटतात. फ्रेम २७ मध्ये तसंच, आतला भाग काळपट, बाहेरचा फिकट. मी खूश झालो तर सर म्हणले, सूर्य कुठं होता? संध्याकाळी उजेड पाठीमागून आला की सगळाच पंख खालून काळा दिसतो, सावलीला रंग समजू नको. हा मुद्दा खरा होता आणि त्यावर अर्धा तास गेला. शेवटी सुटलं ते असं की २७ आणि २८ च्या मधे पक्षी कोतवालाला चुकवायला कलला होता, २८ मध्ये उजव्या पंखाच्या खालच्या बाजूवर सरळ ऊन पडलंय, पिवळं धमक, आणि त्या उन्हातसुद्धा आतला भाग काळपटच आहे. म्हणजे सावली नाही, रंगच तसा.

वय. पॅलिडचं पहिल्या वर्षाचं पिल्लू खालून एकसारखं तांबूस नारिंगी असतं, रेघा नाहीत. आपल्या पक्ष्याच्या छातीवर फिकट रंगावर तपकिरी रेघा. म्हणजे पिल्लू नाही, मोठी मादी. पट्टा पिल्लात जितका झगझगीत असतो तितका मादीत नसतो, आमचा मध्यम होता, ते जुळतं.

तर ओळख, पॅलिड हॅरियर, मादी. सर शंभर टक्के असं कधीच म्हणत नाहीत, यालाही म्हणले नाहीत. युरोपात पॅलिड आणि हेन यांचे, पॅलिड आणि माँटेग्यू यांचे संकरही सापडलेत असं सांगून त्यांनी माझी झोप अजून घालवली, पण लगेच म्हणले की साधी उत्तरं जुळत असताना संकर शोधायला जायचं नाही.

आता दुर्मिळ का नाही, हा दुसरा भाग, आणि माझं खरं अज्ञान इथंच होतं.

अॅपनं हेन का सांगितलं ते आधी. मी स्क्रीनशॉट दिला होता, त्यात ना जागा ना तारीख. सरांच्या नातीनं मूळ फोटो दिला, जागा सोलापूर, महिना जानेवारी टाकला, तर पहिलं नाव पॅलिड, दुसरं माँटेग्यू, हेन कुठंच नाही. फोटो तोच. अॅपला मी अर्धाच प्रश्न विचारला होता. जागा आणि महिना हासुद्धा पुरावा आहे, पिसांइतकाच. पॅलिड आणि माँटेग्यू हे दोघं दरवर्षी मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून आपल्याकडं येतात, पावसाळा सरला की येतात आणि उन्हं तापायला लागली की जातात, नान्नजच्या माळावर हिवाळ्यात हे दिसणं ठरलेलं. म्हणून इथं पांढऱ्या कमरेचा तपकिरी भोवत्या दिसला तर आधी हे दोघं, आणि हे दोघं पुराव्यानिशी बाद झाल्याशिवाय तिसऱ्याचं नाव काढायचं नाही. मी उलटं केलं, तिसऱ्यापासून सुरुवात केली आणि त्याला जुळेल तेवढंच फोटोत बघितलं.

आणि "जिल्ह्यातली पहिली नोंद" हे तर मी कुठल्या आधारावर लिहिलं मलाच माहीत नाही. मी एकही जुनी यादी चाळली नव्हती, ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, जिल्ह्याचं पान उघडलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. मला माहीत नाही म्हणजे पहिलीच, असा हिशोब.

सर म्हणले यात तुझा एकट्याचा दोष नाही, हा नान्नजचा आजार आहे. माळढोक बघायला म्हणून लोक येतात, माळढोक आता जवळजवळ दिसतच नाही, मग गवतात जे हलेल ते माळढोक. एकानं करवानकाचा फोटो आणून माळढोकाचं पिल्लू म्हणून सांगितलं होतं म्हणे. करवानक ४० सेंटिमीटरच्या आसपास, मोठे पिवळे डोळे, रात्री ओरडणारा, आणि माळढोकाचा नर उभा राहिला तर मीटरभर उंच, वजन १५ किलोपर्यंत. पण पाय लांब, रंग मातकट, माळावर पळतो, आणि गंमत म्हणजे दोघांनाही मागचं बोट नसतं, त्या माणसानं ठसेसुद्धा दाखवले होते तीन बोटांचे! माणसाला जे पाहिजे असतं ते दिसतं.

पण या प्रकरणातला मला सगळ्यात विचित्र वाटलेला भाग वेगळाच आहे. हेन हॅरियर जागतिक यादीत, म्हणजे आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या संस्थेच्या, फार काळजीचा नाही अशा गटात. आणि आपला हा "साधा" पॅलिड त्याच यादीत संकटाच्या उंबरठ्यावरच्या गटात, निअर थ्रेटन्ड. म्हणजे मी सोलापुरात दुर्मिळ म्हणून ज्याच्या नावानं नाचत होतो तो जगात बऱ्यापैकी आहे, आणि जो निघाल्यावर माझं तोंड उतरलं तो जगात अडचणीत आहे. दुर्मिळ हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो, इथं चुकून येणारा आणि सगळीकडंच कमी होत चाललेला. पेपरवाल्यांना पहिला पाहिजे असतो. मी त्यांना फोन करून सांगितलं की हेन नाही, पॅलिड आहे, दरवर्षी येतो. "मग बातमी नाही का?" म्हणले. मी हे यादीचं सगळं सांगायला लागलो तर, "बघतो, जागा असली तर," आणि फोन ठेवला. त्यांचंही काम आहे, मला राग नाही, थोडा आहे.

पुढच्या रविवारी परत गेलो, ते ८५ पावलं मोजली तेव्हा. गवतात शिरलो नाही, रस्त्यावरच थांबलो, कारण हे पक्षी संध्याकाळी गवतात जमिनीवरच झोपायला उतरतात, बरेचदा घोळक्यानं, आणि आपण तिथं गेलो की सगळे उठतात आणि अंधारात कुठंतरी जातात. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरला असे शेकड्यांनी उतरतात. म्हणून नेमकं कुठलं गवत ते इथं लिहिणार नाही, विचारू नका.

तिथं एक मेंढपाळ मामा होते, शंभरेक मेंढरं. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली सरांचं नाव आपल्याकडं सगळे घेतात, सोलापूरचेच ते, आणि त्यांनी आयुष्यभर जंगलात राहणाऱ्या माणसांकडून पक्ष्यांची माहिती वेचली, पण आपण गाडीतून उतरलो की पहिलं अॅप काढतो. मी मामांना फोटो दाखवला. स्क्रीनकडं न बघताच ते म्हणले, "ती व्हय, कमरेला पांढरं आसतंय ती? थंडीला येत्यात. ज्वारी काढून झाली की जात्यात. सांच्याला गवतात बसत्यात, झाडावर न्हाई बसत." आणि मग माझ्याकडं बघून, "त्यात काय एवढं?" पाच मिनिटात त्यांनी सरांची अर्धी वही सांगून टाकली. मी विचारलं पूर्वी जास्त यायचे का. म्हणले, "पूर्वी माळच जास्त हुता की." सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक जमीन, आणि पडीक म्हणलं की त्याच्यावर काहीही करायला सगळे मोकळे, यावर मी वेगळं कधीतरी लिहीन नाहीतर हे संपायचं नाही.

त्या संध्याकाळी सहाच्या पुढं सात भोवत्या आले. दोन नर नीट दिसले, एक अगदी पांढुरका, पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर, तो पॅलिड. दुसरा जास्त करडा आणि पंखाच्या मधून काळी रेघ गेलेली, तो माँटेग्यू. दोघं एकाच माळावर, एकाच फ्रेममध्ये, भाऊला काय आनंद झाला विचारू नका. मी लगेच सरांना फोन केला, म्हणलं आता पक्कं झालं, पॅलिडचा नरच दिसला. सर म्हणले, "त्यानं काय पक्कं झालं? आज पॅलिड दिसला म्हणून गेल्या रविवारची मादी पॅलिड होत नाही. माँटेग्यू पण दिसलाच की." बरोबर आहे. दुसऱ्या पक्ष्याचा फोटो पहिल्याचा पुरावा नाही, पहिलीचं जे काही आहे ते त्या अकरा फ्रेममध्येच आणि त्या व्हॉइस मेसेजमध्ये.

ग्रुपवर दुरुस्ती टाकली ती अशी, "आधीची पोस्ट चुकीची. पक्षी पॅलिड हॅरियर, मादी. कारणं खाली." आधीची पोस्ट डिलीट करणार होतो, सरांनी करू दिली नाही, खाली दुरुस्ती जोड म्हणले, म्हणजे कुणी ती फॉरवर्ड केली असेल तर दोन्ही सापडतील. दोघांनी डोळा मारल्याचे इमोजी टाकले. चालतंय की. ईबर्डवर पॅलिड एक अशी नोंद केली, शेऱ्यात बोटं चार, तीन फ्रेममध्ये मोजली, पट्टा आहे, आतला पंख उन्हातही काळपट, अंतर ८५ पावलं असं सगळं लिहिलं आणि १९, २७, २८ जोडल्या. २८ नसती तर नुसतं "हॅरियर, जात नक्की नाही" असंच लिहिलं असतं, तशी सोय असते तिथं, आणि त्यात कमीपणा काही नाही हे आता पटलंय.

एक गोष्ट अजून खटकतेय. फ्रेम १९ मध्ये गालाचा गडद डाग चोचीच्या कोपऱ्यापर्यंत जातो असं सरांना दिसतं, मला तिथं पिक्सेल सोडून काही दिसत नाही. पॅलिडला तो तसा लांब जायला पाहिजे. भाऊ म्हणतो मेमरी कार्ड भरलंय, बाकीचे तीस फोटो काढून टाकू का, त्यात पक्षीच नाही. मी म्हणलं असू दे, नवीन कार्ड मी घेऊन देतो.